अकरा वाजून दहा मिनिटांची झोप

रजतला पहिल्या दिवशी पाळणाघरात सोडून मी कॉलेजात पोचले, तेव्हा तासाला सात मिनिटं होती. त्या सात मिनिटांत मी तीन फोन केले. रडतोय का, खाल्लं का, आणि कानात काही गेलं नाही ना. तिसऱ्या प्रश्नाला तसं कारण नव्हतं. पण पंधरा दिवसांपूर्वी त्याने नाकात शेंगदाणा घातला होता, आणि माझ्या अंदाजाने आता कानाची पाळी होती.

चौथा फोन दुपारी केला. तो वच्छलाबाईंनी उचलला.

"अंकिताबाई, लेकरू झोपून राह्यलं होतं. तुमच्या फोनानं उठलं. आता रडून राह्यलं. ठेवू?"

"का रडतोय पण?"

"झोपेतून उठलं म्हून."

वर्ध्यात आमच्या गल्लीच्या टोकाला मोहिनीताईंचं 'दूधभात' पाळणाघर आहे. बारा लेकरं, दोन मावश्या, एक कूलर आणि भिंतीवर मोहिनीताईंच्या ढाली. ताई वीस वर्षं विमा एजंट होत्या. प्रत्येक ढालीवर 'सर्वोत्कृष्ट' असं लिहिलेलं आहे आणि खालच्या दोन ढालींवर कोणीतरी खडूने मांजर काढलंय. दोन मावश्यांपैकी वच्छलाबाई पवनारच्या. पंचावन्नच्या पुढे असतील. सकाळी पहिल्या ऑटोने येतात. दुसरी काजल, बावीस वर्षांची, कॉम्प्युटरचा कोर्स केलेली, आणि बोलताना हातवारे असे करते की लेकरं तोंड उघडं टाकून बघत राहतात.

आता माझ्याविषयी थोडं सांगायला हवं, कारण पुढचं सगळं माझ्यामुळे झालं. मी बी.कॉम.च्या पोरांना व्यवस्थापन शिकवते, तासिका तत्त्वावर. म्हणजे जितके तास घेतले तितकंच मानधन. त्यामुळे माझा एकही तास पाच मिनिटं आधी सुटत नाही आणि एकही धडा एका तासात संपत नाही. 'कर्मचाऱ्यांचे अभिप्रेरण' हा धडा मी सहा तास शिकवते. त्यात मुख्य गोष्ट एवढीच, की माणसाच्या कामाचं मोजमाप ठेवा, त्या मोजमापाला बक्षीस जोडा, मग बघा काम कसं होतं ते. उरलेले साडेपाच तास उदाहरणं.

ऑगस्टच्या पालकसभेत मोहिनीताईंनी हात जोडले. "मॅडम, तुमचे फोन थोडे कमी करा. बाकी अकरा पालकांचे मिळून जेवढे येतात, तेवढे तुमच्या एकटीचे येतात."

मी उभी राहिले. मला सभेत उभं राहायची सवय आहे. म्हटलं, "फोन बंदच करते. पण मग मला दिसलं पाहिजे. दोघी मावश्यांना एकेक फोन द्या. दिवसभराचे फोटो पालकांच्या ग्रुपवर टाकायचे. जो फोटो आवडेल त्याला आम्ही लाल बदाम देऊ. महिन्याला बदाम मोजायचे, जिचे जास्त तिला बक्षीस."

मोहिनीताईंचे डोळे चकाकले. वीस वर्षं टार्गेटवर जगलेली बाई ती. दुसऱ्या दिवशी कपाटावर पाच लिटरचा कोरा कुकर आला, खोक्यासकट, दोघींना दिसेल असा. आणि नियमाला एक शेपूट आलं, ते ताईंनी स्वतः जोडलं होतं. दिवाळीच्या आधी तीन महिन्यांची बेरीज होईल. जिचे बदाम कमी तिला नारळ. तिच्या जागी एखादी फोन जाणणारी मुलगी घेऊ.

ते शेपूट मी वाचलं. वाचून मला जरा कसंसंच झालं. पण त्याच वेळी ग्रुपवर रजतचा पहिला फोटो आला, वाटी-चमच्यासकट हसरा. मी बदाम दिला आणि विसरले.

पुढचे काही आठवडे मी सुखाने शिकवलं. काजलचे फोटो म्हणजे काय सांगू! रजत मोरपीस लावून कृष्ण झालाय. रजतच्या हातात कापसाचं बोंड, डोक्याला रुमाल. रजत गोष्टीचं पुस्तक वाचतोय. पुस्तक उलटं होतं, पण चेहरा किती समजूतदार! आणि रोज एक फोटो जेवताना, एक झोपलेला. मुकेश, माझा नवरा, पुलगावला नोकरीला आहे. तो ट्रेनमध्ये उभ्या उभ्या बदाम द्यायचा.

वच्छलाबाईंचेही फोटो यायचे. पहिला पंख्याचा होता. दुसरा त्यांच्या अंगठ्याचा. तिसऱ्यात एक कान होता, तो कोणाचा यावर ग्रुपमध्ये दोन आयांची चर्चा झाली. मग पुन्हा पंखा.

"बाई, लेकरांचा काढा ना," मी संध्याकाळी रजतला घेताना म्हटलं.

"कसा काढू वं? एका हातात पोट्टं असते, दुसऱ्या हातात पोट्टं असते. फोन काय दातानं धरू?"

"झोपलं की काढायचा."

"झोपते कुठं? माह्या पायावर झोपते. हात काढला का उठते."

हे खरं होतं. वच्छलाबाई पाय लांब करून बसतात, लेकरू पायांवर आडवं घेतात आणि दोन्ही हातांनी थोपटत राहतात. रजत घरी आमच्या कोणाच्याच पायावर झोपत नाही. मी करून बघितलं, माझ्याच पायाला मुंग्या आल्या. भरवण्याचीही त्यांची एक रीत. घास तोंडासमोर नेऊन म्हणणार, "तोंडाले नको का? बरं, मंग कानाले देतो." आणि खरंच कानाकडे नेणार. लेकरू हसायला तोंड उघडतं की घास आत.

यातलं काहीच फोटोत यायचं नाही. महिन्याअखेर काजलचे दोनशे चौदा बदाम झाले, वच्छलाबाईंचे सहा. त्यातले चार माझे होते, दयेपोटी दिलेले.

ऑक्टोबरच्या मध्यावर घरी काहीतरी बिनसलं.

रजतने घास तोंडाजवळ नेला आणि थांबला. चमचा ओठाला टेकवून, मान थोडी तिरकी करून, माझ्याकडे बघून हसला. मीही हसले. तो थांबलेलाच. वरण चमच्यातून गळून त्याच्या मांडीवर पडलं तरी हसू तसंच. मी सहज केस बांधायला हात वर केला, आणि माझ्या हातात चिमट्याऐवजी फोन असावा तसा तो अजून रुंद हसला. मग चमचा खाली ठेवला आणि उठून गेला. जेवण झालं होतं त्याच्या मते.

आंघोळीच्या वेळी मी साबणाची डबी उचलली, हा मोरीचा कठडा धरून पोज देऊन उभा.

"हुशार आहे," मुकेश म्हणाला.

"मुकेश, तो जेवत नाहीये. जेवल्याचं करून दाखवतोय."

"पाळणाघरात तर जेवते ना! फोटो रोज येते."

"मग संध्याकाळी कोणी बघत नसलं की दोन पोळ्या कशा खातो? दोन वर्षांचं पोर, दोन पोळ्या! डबा तर रिकामा येतो."

मुकेशने भुवया वर केल्या. "आधी खात नव्हता तेव्हाही तुले काळजी, आता खाऊन राह्यला तरी काळजी."

रविवारी दुपारी मी तीन आठवड्यांचे फोटो मोठे करून बघायला बसले. मला असं बघता येतं. रजतच्या अंगावरचा डास चावल्याचा ठिपका मी चार दिवस मोजपट्टीने मोजलेला आहे. पहिली गोष्ट दिसली ती ताटली. बुधवारी रजतसमोर खिचडी होती, वर गाजराचा चंद्रासारखा तुकडा. बुधवारीच दुसऱ्या एका मुलीसमोर खिचडी होती, वर तोच चंद्र. मग आणखी दोघांसमोर तोच. चार लेकरं जेवली आणि चंद्र जसाच्या तसा.

दुसरी गोष्ट भिंतीवरचं घड्याळ. मोहिनीताईंच्या ढालींच्या मधोमध ते आहे. जेवणाच्या फोटोत अकरा वाजून बारा मिनिटं. खेळाच्या फोटोत अकरा सतरा. कृष्णाच्या फोटोत अकरा वीस. झोपेच्या फोटोत अकरा दहा. मागचे सगळे दिवस काढून बघितले. माझा मुलगा तीन आठवडे रोज अकरा वाजून दहा मिनिटांनी झोपत होता आणि बारा मिनिटांनी जेवत होता.

झोपेचा फोटो आणखी मोठा केला. डावा डोळा किंचित उघडा होता. बघत होता, काढला की नाही ते.

"तू पोरगा बघून राह्यली का चोर?" मुकेशने विचारलं.

बुधवारी कॉलेजात कसलीशी तपासणी समिती यायची होती. माझ्या वर्गातल्या सव्वीस पोरांना ग्रंथालयात वाचत बसवायचं काम माझ्याकडे होतं. पोरं बसली. पहिल्या बाकावरच्या रोशनने जाडजूड पुस्तक उघडलं आणि विचारलं, "मॅडम, पान पलटवायचं का असंच धरून ठेवायचं?" मी म्हटलं, अधूनमधून पलटव. समितीला उशीर होता. मी मागच्या दाराने निघाले आणि अकरा वाजून नऊ मिनिटांनी पाळणाघराच्या खिडकीशी पोचले. आत जायच्या आधी फोन काढून व्हिडिओ चालू केला. पुरावा असलेला बरा.

आत काजल टाळी वाजवत होती. "चला, झोपा! डोळे मिटा! हलू नका!"

सात लेकरं एका रांगेत सतरंजीवर आडवी झाली. अशी शिस्त मी आमच्या एनसीसीत बघितली नाही. काजल खटाखट फोटो काढत सरकली. "उठा! आता जेवण!" सगळी उठून मांडी घालून बसली. ताटली पहिल्यासमोर आली, चमचा तोंडाशी, हसू, खट. ताटली पुढच्यासमोर. दोन वर्षांची पोरं ताटली न सांडता पुढे सरकवत होती.

कोपऱ्यात वच्छलाबाई पाचजणांना घेऊन बसल्या होत्या. एकाचं ढुंगण धुऊन झालं होतं, एक पायावर, दोघं पाठीवर. पाचवा रडत होता, आणि त्याच्या कानाकडे घास निघाला होता. त्यांचा फोन खिडकीत माझ्यासमोरच पडलेला, पंख्याकडे तोंड करून. त्यावर जाता-येता बोट लागलं की पंख्याचा फोटो निघत असणार.

रजतने मला बघितलं. मला वाटलं आता धावत येईल. मी दारातून आत झाले, हात पुढे केले. एका हातात फोन होता.

तो जागच्या जागी थांबला. मान तिरकी केली. हसला.

मी फोन खाली करेपर्यंत तो तसाच उभा होता. खाली केल्यावर मग आला, आणि माझ्या ओढणीला नाक पुसलं.

काजलला मी ओरडणारच होते. पण ती माझ्याआधी बोलली.

"ताई, माझ्यावर नका चिडू. पहिल्या हप्त्यात मी खरंच भरवत होती. हात खरकटे, फोटो हलला, एक बदाम नाही आला. झोपलेल्या लेकराले तीन येते आणि कृष्णाले बावीस येते. मंग मी काय करू? तुम्हीच देता न बदाम."

"मग जेवतात कधी ही?"

"थोडंथोडं खाते न बारा वाजता. मले फोटो टाकाले लागते, नावं लिहाले लागते. उरलेलं बाहेरच्या बकरीले देतो आम्ही, डबा रिकामा दिसला पाह्यजे म्हून. मावशी भरवते जेवढ्याले पुरते तेवढं."

वच्छलाबाई कोपऱ्यातून म्हणाल्या, "पोरगी वाईट नाई वं ते. तिले कुकर पाह्यजे. मलेही पाह्यजे, पण माह्या नशिबात पंखा हाय."

सगळे हसले. मग त्यांनी पायावरच्या लेकराकडे बघत विचारलं, "अंकिताबाई, दिवाळीच्या आंधी मले काढून टाकतीन म्हंते. खरं होय?"

मी रजतला त्यांच्याजवळ बसवलं आणि निघाले. कॉलेजात परतले तर समिती येऊन गेली होती. ग्रंथालयाला उत्कृष्ट शेरा मिळाला होता.

मोहिनीताईंकडे मी दोनदा गेले. सगळं सांगितलं, चंद्रासकट. त्यांनी शांतपणे ऐकलं. "मॅडम, एकाही पालकाची तक्रार नाही. उलट तीन नवीन ॲडमिशन आल्या, कृष्ण बघून. काजलचे सातशे त्रेचाळीस झाले, वच्छलाचे एकतीस. तुमचीच योजना आहे. मला आकडा दाखवा, मी लगेच ऐकते."

बेरीज शुक्रवारी व्हायची होती. मी गुरुवारी दुपारपर्यंत विचार केला. सातशे त्रेचाळीसमधले दीडशे तर आमच्याच घरचे होते, मुकेशचे आणि माझे. आणि त्या बदल्यात वच्छलाबाई घरी बसणार. रजत कोणाच्या पायावर झोपणार? काजलच्या जोडीला आणखी एक काजल आली की अकरा दहाची झोप बाराही लेकरांना लागणार. आकडा हवा होता ना? ग्रुप मी बनवला होता, ॲडमिन मी होते, नव्या माणसाला जुने फोटो दिसू देणंही माझ्याच हातात होतं.

शेवटच्या तासाला मी वर्गात म्हटलं, "पाच मिनिटांचं काम आहे. तुम्हाला एका ग्रुपवर घेते. वच्छला नावाने आलेल्या प्रत्येक फोटोला लाल बदाम द्यायचा. फक्त वच्छला. स्क्रीनशॉट मला पाठवा. इंटर्नलच्या वेळी लक्षात ठेवेन."

शेवटचं वाक्य मी बोलायला नको होतं. सहा तास जो धडा शिकवला तो मलाच आठवला नाही. पोरांनी ऐकलं ते फक्त 'बदाम' आणि 'इंटर्नल'. फोटो कोणाचा, हे बघत बसण्यापेक्षा सगळ्यालाच द्यावा, म्हणजे मार्क कुठे कापले जायला नकोत. पंधरा मिनिटांत सव्वीस पोरं ग्रुपवर तीन महिने मागे गेली. पंख्याला बदाम, अंगठ्याला बदाम, कृष्णाच्या प्रत्येक अवताराला बदाम. 'उद्या नळ येणार नाही, लेकरांना आंघोळ घालून आणा' या मोहिनीताईंच्या सूचनेला सव्वीस बदाम. एका आईने लिहिलं होतं, 'पोरीला रात्रीपासून जुलाब आहेत, आज पाठवत नाही.' त्यालाही सव्वीस.

ती बाई चिडली. "माझ्या मुलीच्या जुलाबात एवढं आवडण्यासारखं काय आहे?"

"हे नवीन नंबर कोणाचे?" दुसरीने विचारलं. "मोटारसायकलवर बसलेला हा बादशाह कोणाचा पालक आहे?"

मी घाईघाईने पोरांना काढायला लागले. रोशन यादीत विसावा होता. मी पंधराव्यापर्यंत पोचले, तेवढ्यात त्याने मला पाठवायचं ते ग्रुपवरच पाठवलं.

'मॅडम, सर्व्यायले बदाम देऊन झाले. जुलाबालेपण दिले. इंटर्नलचं बघजा.'

खाली माझं नाव, माझा नंबर आणि हात जोडल्याचं चित्र.

दोन मिनिटांत मोहिनीताईंचा फोन आला. "या," एवढंच म्हणाल्या.

मी गेले. ताई ढालींखाली बसल्या होत्या. काजल आणि वच्छलाबाई समोर उभ्या, लेकरं घरी गेलेली. रजत तेवढा माझ्या कडेवर, कारण त्या दिवशी मला त्याला खाली ठेवायचा धीर नव्हता.

"ताई, चूक माझी आहे," मी म्हटलं. "तुम्ही आकडा मागितला, मी बनवला."

मोहिनीताईंनी फोनवर ग्रुप वरपासून खालपर्यंत सरकवून बघितला. मला वाटलं रजतलाच काढून टाकतील. मग त्यांचे खांदे हलायला लागले. आधी वाटलं रडतायत.

"नळाच्या सूचनेला सव्वीस!" त्या म्हणाल्या आणि डोळे पुसले. "मॅडम, ही सगळ्यात वरची ढाल बघा. त्या वर्षी मार्चच्या शेवटच्या आठवड्यात टार्गेटला सात पॉलिसी कमी पडत होत्या. मी सातही माझ्या नवऱ्याच्या नावावर काढल्या. सात! माणूस एकच. पुढे दोन वर्षं तो माझ्याशी नीट बोलला नाही."

"अवं बाप्पा," वच्छलाबाई म्हणाल्या.

"सर्वोत्कृष्ट म्हणून ढाल मिळाली त्याची. मला तेव्हाच कळायला हवं होतं." त्यांनी हात पुढे केला. "दोघीही फोन द्या इकडे. उद्या मी बसते लेकरांत. दिवसभर. बघते काय ते डोळ्यांनी."

दोन्ही फोन खोक्यातल्या कोऱ्या कुकरमध्ये गेले. वर झाकण लागलं.

शुक्रवारी संध्याकाळी मी रजतला घ्यायला गेले तेव्हा मोहिनीताई भिंतीला टेकून बसल्या होत्या. केस विस्कटलेले, खांद्यावर कोणाचं तरी वरण.

"मॅडम, बारा वाजता वच्छलाच्या पायावर ओळीने तीन झोपले. माझ्या पायावर एकही नाही. एकाने तर मला चावून घेतलं."

"रजतने?"

"नाव नाही सांगत. आणि ही काजल! जेवण जात नव्हतं, तर हिने ती मोरपिसाची टोपी घालून कृष्णाचं सोंग काढलं, लोणी म्हणून दहीभात खायला लावला. सगळ्यांनी ताटल्या चाटल्या. ही फोटोपायी तीन महिने वाया घालवत होती." काजल लाजून मोरपीस गुंडाळायला लागली. "कोणाला नारळ नाही नि काही नाही. दोघी लागतात. खरं तर तिसरी लागते, ते मला आजच कळलं."

वच्छलाबाईंनी विचारलं, "मंग कुकर?"

कुकर त्या सोमवारपासून पाळणाघराच्या खिचडीला लागला. फोन आता साखरेच्या डब्यात आहेत म्हणे. बकरी दोन दिवस दारात येऊन उभी राहिली, मग यायची बंद झाली.

मुकेशला मी सगळं सांगितलं. तो म्हणाला, "मंग आता ट्रेनमध्ये मी काय पाहू?" आणि रोशनला मी इंटर्नलला पूर्ण मार्क दिले. मी सहा तास घेते तो धडा त्याने पंधरा मिनिटांत करून दाखवला होता. पुढच्या वर्षी तो धडा एका तासात संपवायचा असं मी ठरवलंय. निदान चार तासांत तरी.

रजत अजून कधीकधी चमचा तोंडाशी नेऊन थांबतो. मी तेव्हा दोन्ही हात पाठीमागे धरते आणि भिंतीकडे बघत म्हणते, "नको का? बरं, मंग कानाला देते." मला ते वच्छलाबाईंसारखं जमत नाही. घास खरंच कानात जातो. पण तो हसतो, आणि दुसरा घास तोंडात जातो.

मागच्या मंगळवारी मी स्टाफरूममध्ये बसले होते. घड्याळात अकरा दहा झाले. आठवडाभर मी एकही फोन केला नव्हता, फोटोही नव्हता, आणि मला काही म्हणता काही माहीत नव्हतं. खोकला आहे की नाही, नाकात काही आहे की नाही. अकरा अकरा झाले. मी पाळणाघराच्या जुन्या नंबरावर फोन लावला.

बराच वेळ वाजला. मग वच्छलाबाईंचा दबका आवाज. "काऊन?"

"काही नाही. काय करतोय?"

"झोपून राह्यलं होतं." मागून रजतचं रडणं सुरू झालं. मोठं, खरखरीत, सगळ्या वर्ध्याला ऐकू जाईल असं. "आता नाई झोपून राह्यलं. ठेवू?"

"थांबा ना जरा," मी म्हटलं, आणि तास सुरू होईपर्यंत ऐकत राहिले.